नादारीला अडतीस रुपये कमी

हिशेब खात्यानं ज्योतीरामांचं बिल पहिल्यांदा परत पाठवलं ते एका नव्या पैशासाठी. रुपया नाही, आणा नाही, एक नवा पैसा! त्या दिवशी स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या कपाटाशी उभं राहून ज्योतीराम जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते साताऱ्याकडचे. तिकडे माणूस एरवी मोजकं बोलतो, पण रागावला की त्याला शब्द कमी पडत नाहीत.

बिल होतं तीनशे बासष्ट रुपये सहा आण्यांचं. चिंचवडच्या त्या पंपांच्या कारखान्यात ज्योतीराम स्टोअरकीपर होते आणि गेली चार वर्षं त्यांच्या पगारातून दरमहा एक रुपया ‘औषधपाणी फंडा’त कापला जात होता. माणूस आजारी पडला, की खर्च आधी त्यानं करायचा आणि मग फंडातून परत मागायचा, अशी योजना. योजना चांगलीच होती. चार वर्षं ज्योतीरामांना साधी सर्दी झाली नाही, त्यामुळे ती चांगली आहे असं ते चारचौघांत सांगतही असत. सत्तावन्न सालच्या दसऱ्याला त्यांना मुतखडा झाला. आधी कुळथाचं कढण झालं, मग कोणी सांगितलं म्हणून शहाळी झाली, आणि शेवटी पुण्याच्या एका इस्पितळात पोट कापावं लागलं.

आता नवा पैसा कुठून आला ते ऐका. त्याच साली सरकारनं आणे-पै मोडून नवे पैसे आणले होते. इस्पितळाचा कारकून जुन्या वळणाचा, त्यानं बिल आण्यांत केलं. कारखान्याचा फॉर्म नव्या वळणाचा, तो नव्या पैशांत भरायचा. बिलात तीन-तीन आण्यांच्या दोन पुड्या होत्या. सरकारी कोष्टकात तीन आण्यांचे नवे पैसे एकोणीस, म्हणजे दोन पुड्यांचे अडतीस. खाली बेरीज मात्र सहा आण्यांची, आणि त्याच कोष्टकात सहा आण्यांचे नवे पैसे सदतीस! ‘एक नवा पैसा कोठे गेला याचा खुलासा व्हावा,’ असा शेरा मारून हेडक्लार्क नानासाहेबांनी बिल परत पाठवलं. ज्योतीरामांनी खुलाशात लिहिलं, की तो सरकारनं खाल्ला. मग बायकोच्या सांगण्यावरून तो कागद फाडून दुसरा लिहिला.

दुसऱ्यांदा बिल परत आलं त्यावर शेरा होता, ‘आजाराचा पुरावा जोडावा.’

ज्योतीरामांचं डोकं फिरलं. पुरावा? पोटावर सात टाके होते. ते काय नानासाहेबांच्या टेबलावर सदरा वर करून दाखवायचे? पण पुरावा घरात होता. डॉक्टरांनी काढलेला खडा बाटलीत घालून हातात दिला होता. चांगला आवळ्याएवढा. ते राहत त्या स्टेशनाजवळच्या बारा खोल्यांच्या चाळीत एकानंही तो बघायचा राहिला नव्हता. संतापाच्या भरात ज्योतीरामांनी ती बाटली उचलली आणि सुतळीनं बिलाला बांधून हिशेब खात्यात नेऊन आदळली.

त्यांना वाटलं, नानासाहेब लाजतील. नानासाहेबांनी बाटलीवर आवक नंबर टाकला. मग बाटली रीतसर चार टेबलांवरून फिरली. टायपिस्टानं ती उजेडात धरून पाहिली, कॅशियरनं हलवून पाहिली, आणि कोणीतरी ‘वजनाचा दाखला घ्यावा’ असं सुचवलं. कारखान्यात आलेल्या मालाचं वजन करून दाखला कोण देतो? स्टोअरकीपर. तेव्हा तिसऱ्या दिवशी ज्योतीरामांचा खडा ज्योतीरामांच्याच टेबलावर तपासणीला आला.

इथं एखादा शहाणा माणूस डॉक्टरांच्या कागदावरचा आकडा उतरवून मोकळा झाला असता. पण आमचे ज्योतीराम! सहा वर्षांत त्यांनी छटाकभर खिळ्यांचा दाखलासुद्धा तोलल्याशिवाय दिला नव्हता. कमी भरलेल्या मालाचं बिल त्यांनी कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. एका कोळसेवाल्याला तर त्यांनी रडकुंडीला आणलं होतं. त्यांनी खडा तोलला. डॉक्टरांनी लिहिलं होतं पावणेदोन तोळे. भरला दीड. ओला होता तो वाळला, दुसरं काय? ज्योतीरामांनी ‘दीड तोळा’ लिहून खाली ठसठशीत सही केली, आणि तिसऱ्यांदा बिल परत आलं: ‘आपल्याच सहीच्या दाखल्यावरून मालात पाव तोळा घट दिसते. खुलासा व्हावा.’

“आता त्या कोळसेवाल्याला कसं वाटलं असेल ते कळलं?” सगुणाबाई म्हणाल्या. बायकोनं अशा वेळी असं बोलू नये. ज्योतीराम त्या रात्री जेवले नाहीत.

या सगळ्यात खरा काच होता तो सोपानरावांचा. सोपानरावांचं स्टेशनापाशी किराणा दुकान, आणि गल्ल्यामागे व्याजबट्ट्याचा धंदा. इस्पितळासाठी ज्योतीरामांनी त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून चारशे रुपये उचलले होते, आणि दुकानाचे बासष्ट निराळे होते. माणूस बोलायला साखर. दुकानात दहा गिऱ्हाइकं असताना तो मोठ्यानं विचारायचा, “काय ज्योतीराम, लघवीला आता साफ होतंय ना?” त्या आवाजात काळजी असायची, पण ती चारशे बासष्ट रुपयांची असायची. पौष सरला आणि सोपानरावांची वकिलामार्फत नोटीस आली. महिन्याच्या आत पैसे भरा, नाहीतर दावा, आणि दाव्यामागून जप्ती. जप्ती म्हणजे काय ते ज्योतीरामांना ठाऊक होतं. चाळीच्या चौकात भांडी-पाटापासून शिलाईच्या मशीनपर्यंत सगळं मांडून बेलिफ मोठ्यानं यादी वाचतो. सगुणाबाई त्याच मशीनवर चोळ्या शिवून घरात चार पैसे आणत होत्या.

शेजारचे अर्जुनराव पुण्याच्या कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले होते. वकील दाराबाहेर उभे करून करून त्यांना सगळा कायदा पाठ झाला होता, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. ते म्हणाले, “ज्योतीराम, तू नादारी घे. आपल्याजवळ द्यायला काही नाही असं एकदा कोर्टानं जाहीर केलं, की सोपानराव नुसता बघत बसेल. जज्जसाहेब मला ओळखतात.”

जज्जसाहेब बदलून सात वर्षं झाली होती, हे नंतर कळलं.

पुण्याच्या शनिवार पेठेत मालोजीराव वकिलांनी कागद पाहिले आणि मान हलवली. “आधी ते कारखान्याचं बिल निकालात काढा. अर्ज केल्यावर पैसे आले तर ते कोर्टाच्या ताब्यात जातील, तुमच्या हाती लागणार नाहीत. मिळाले असं लिहून आणा, नाहीतर मिळणार नाहीत असं तरी लिहून आणा. आणि दुसरं असं, की कायद्यानं नादारीला कर्ज निदान पाचशे लागतं. तुमचं चारशे बासष्ट.”

“मग?”

“मग तुम्हाला नादार होता येत नाही. अडतीस रुपये कमी पडतात.”

जन्मात पहिल्यांदा ज्योतीरामांना कर्ज कमी पडत होतं. भीक मागायलासुद्धा सरकारी किमान ठरलेलं असावं, याचा त्यांना असा संताप आला, की वकिलांची फी त्यांनी टेबलावर आदळली. नानासाहेबांनी अर्थातच काही लिहून दिलं नाही. ‘मिळेल’ही नाही आणि ‘मिळणार नाही’ही नाही. “बिल विचाराधीन आहे,” असं ते पान लावता लावता म्हणाले.

“ते राहू द्या, नोटिशीची मुदत संपत आली. हातउसने काही आहेत का?” मालोजीरावांनी पुढच्या खेपेला विचारलं, आणि घात झाला.

हातउसने होते. कोणाचे नसतात? ज्योतीराम इस्पितळात होते तेव्हा पलीकडच्या खोलीतल्या कौशल्याबाईंनी सगुणाबाईंच्या मुठीत पंधरा रुपये कोंबले होते. अर्जुनरावांनी बारा दिले होते. दूधवाल्या छबूबाईंनी महिनाभर रतीब घातला, त्याचे आठ. टांगेवाला बिरू चार वेळा स्टेशनावर नेऊन सोडून आला, त्याचे पाच. झाले चाळीस. चारशे बासष्ट आणि चाळीस, पाचशे दोन!

“त्यांची नावं नका घालू,” सगुणाबाई म्हणाल्या. “हातउसनं कोणी लिहून ठेवतं का?”

“खोटं का आहे ते? जे आहे ते लिहायचं.”

“खरं आहे म्हणूनच म्हणते. देणाऱ्यानं बोलायचं नसतं आणि घेणाऱ्यानं लिहायचं नसतं.”

पण ज्योतीराम स्टोअरकीपर. यादी म्हटली की त्यांच्या अंगात यायचं. त्यांनी नाव, पत्ता, रक्कम, तारीख असे रकाने आखले आणि सगळे धनको क्रमानं मांडले. शेवटी प्रामाणिकपणानं ‘कौशल्याबाई, साखर एक वाटी, अंदाजे तीन आणे’ हेही लिहिलं. अर्ज दाखल झाला. तीन रात्री त्यांना चांगली झोप लागली.

कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, म्हणजे अर्जुनरावांच्या तीस वर्षांच्या कायद्यातून हे निसटलं होतं, की कोर्ट यादीतल्या प्रत्येक धनकोला नोटीस पाठवतं.

बेलिफ सकाळी आला. चाळीत शिरून त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, “कौशल्याबाई कोण? ज्योतीरामला कर्ज देणाऱ्या?” कौशल्याबाई मूळच्या इथल्याच. कारखान्याची भिंत उठली त्या जागेवर त्यांचं ज्वारीचं रान होतं. साठ वर्षांत सरकारचा एकच कागद त्यांच्या हाती आला होता, त्यात ते रान गेलं. आता हा दुसरा. त्यांना वाचता येत नव्हतं. चौथीतल्या पोरानं वाचून दाखवलं, आणि तो साखरेपर्यंत आला तेव्हा कौशल्याबाई उठल्या.

“ज्योतीराम! भायेर ये!”

ज्योतीराम बाहेर आले.

“मी सावकार व्हय रं? माजी वाटीभर साखर कोरटात नेलीस? तुजी बायकू माज्या दारात रडत बसली व्हती तवा म्या काय चिठ्ठी लिवून घेतली व्हती? त्या सोपान्याच्या पंगतीला बसीवलंस मला?”

“मावशी, तुमचे पैसे बुडू नयेत म्हणून...”

“माजं पैसं न्हाई बुडलं. माजं नाव बुडलं!”

छबूबाईंनी दूध बंद केलं. बिरूनं टांगा उभा करणं सोडलं. ज्योतीराम दिसले की तो घोड्यालाच काहीतरी बोलायचा. सगळ्यांत जास्त चिडले अर्जुनराव. सल्ला त्यांचाच होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण यादीत रकमेच्या क्रमानं त्यांचा नंबर तिसरा लागला होता, कौशल्याबाईंच्या खालचा. “तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी,” ते ज्याला त्याला सांगत सुटले. चौकातल्या नळावर सगुणाबाई आल्या की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. सगुणाबाई घरी येऊन नुसतं मशीन चालवत बसत, आणि त्याचाच ज्योतीरामांना अधिक राग यायचा.

तेवढ्यात कारखान्यात बातमी पोचली. नानासाहेबांनी त्यांना बोलावलं आणि प्रथमच उभं न ठेवता बसायला सांगितलं. “नादारीचा अर्ज लागलेल्या माणसाला फंडाची रक्कम देता येत नाही. निकाल लागेपर्यंत फाइल बंद. आणि ज्योतीराम, नादार माणसाच्या हाती स्टोअरच्या किल्ल्या ठेवता येणार नाहीत, असा कंपनीचा नियम आहे. कोर्टानं तुम्हाला नादार ठरवलं, तर त्याच दिवशी राजीनामा आणा.”

म्हणजे बघा. बिल मिळत नाही म्हणून नादारी. नादारी म्हणून बिल नाही. आणि नादारी मिळाली तर नोकरीही नाही. अर्ज मागे घ्यावा, तर सोपानरावांचा दावा तयार. ज्योतीराम स्टोअरमध्ये आले आणि त्यांनी रिकामा रॉकेलचा डबा लाथ मारून भिंतीवर फेकला. मग डब्याला पोचा पडला म्हणून नुकसानीच्या वहीत स्वतःच्या नावे नोंद केली.

तारखेच्या दिवशी चिंचवडहून एकाच गाडीनं सगळे धनको आणि ऋणको निघाले. ऋणकोजवळ कोणी बसलं नाही. सोपानराव तेवढे समोर येऊन बसले आणि त्यांनी प्रकृती विचारली.

कोर्टानं आधी सोपानरावांना विचारलं. चारशे बासष्ट, चिठ्ठी हजर. मग कौशल्याबाईंचं नाव पुकारलं. बाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ झाली.

“या इसमाकडून तुम्हाला पंधरा रुपये तीन आणे येणं आहे?”

“न्हाई.”

जज्जांनी यादी पाहिली. “त्यांनी स्वतः लिहिलंय.”

“त्यानं काय बी लिवावं, सायेब. माजं त्याच्याकडं एक पै न्हाई. शेजारणीचा दादला आजारी पडला, तिला हात दिला, त्याला कर्ज म्हंत्यात व्हय? तुमच्या घरात म्हंत असतील, आमच्यात न्हाई.”

मालोजीराव वकिलांनी कपाळाला हात लावला. “गेले पंधरा,” ते पुटपुटले. “राहिले चारशे सत्त्याऐंशी. अहो, त्यांना थांबवा!” पण शपथेवर चाललेल्या बाईला कोण थांबवणार? छबूबाई म्हणाल्या, आजाऱ्याच्या घरी घातलेल्या दुधाचा हिशेब आमच्या सासूनं ठेवला नाही आणि आम्हीही ठेवत नाही. बिरू म्हणाला, “घोडं तिकडंच चाललं व्हतं.” उरले अर्जुनराव. ते पिंजऱ्यात ताठ उभे राहिले, ज्या कोर्टाच्या दाराशी तीस वर्षं उभे राहिले त्याला सलाम केला आणि म्हणाले, “हुजूर, मी दिलेले बारा रुपये परत घेण्यासाठी दिलेच नव्हते. सबब मी धनको नाही. तिसरा तर नाहीच नाही.”

ज्योतीराम जागेवरून ओरडले, “खोटं बोलताहेत हे सगळे! मी यांचं देणं लागतो! मी देणार आहे!”

नादारी मागायला आलेला माणूस कर्ज आहे म्हणून भांडतो आणि धनको नाही म्हणून शपथा घेतात, असा प्रकार त्या कोर्टात पूर्वी झाला नसावा. जज्जांनी ज्योतीरामांना खाली बसवलं. देणं फक्त चारशे बासष्ट रुपये सिद्ध होतं, तेव्हा अर्जदार नादार ठरण्यास पात्र नाही, अर्ज नामंजूर.

बाहेर पायरीवर ज्योतीरामांनी कौशल्याबाईंना गाठलं. “मावशी, तुम्ही मला बुडवलंत. आता जप्ती येणार.”

“बुडायचं तर बुड,” बाई म्हणाल्या. “पर आमच्या नावानं न्हाई.”

निकालाची नक्कल घेऊन ज्योतीराम कारखान्यात गेले ते तडक नानासाहेबांच्या टेबलाशी. कोर्टानं मी नादार नाही म्हणून सांगितलंय, आता फाइल उघडा. नानासाहेबांनी नक्कल उलटीपालटी केली आणि म्हणाले, “ठीक. पण त्या पाव तोळ्याच्या घटीचा खुलासा अजून आलेला नाही.”

ज्योतीरामांचा राग आता ओरडण्याच्या पलीकडे गेला होता. ते स्टोअरमध्ये येऊन बसले. दुपारी हिशेब खात्याकडून मागणीपत्र आलं: शाई दोन बाटल्या, टाकाची निबं एक डझन, टाचण्या. ज्योतीरामांनी शेरा मारला, ‘जुनी निबं मोजून परत करावीत.’ निबं आली. अकरा. ‘बाराव्या निबाचा खुलासा व्हावा.’ खुलासा आला. ‘रिकाम्या शाईच्या बाटल्यांचं वजन नोंदीपेक्षा कमी भरतं. घट कशी झाली?’ चौथ्या दिवशी हिशेब खातं शिसपेन्सिलीनं लिहीत होतं. सहाव्या दिवशी पेन्सिली संपल्या, महिनाअखेर तोंडावर आली, आणि पगारपत्रक लिहायला शाई नाही हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं. मॅनेजरसाहेबांनी फाइल मागवली, तिला बांधलेली बाटली पाहिली, आणि ती टेबलावरून ताबडतोब हलवायला सांगितली. संध्याकाळी ज्योतीरामांच्या हातात तीनशे बासष्ट रुपये सदतीस नवे पैसे पडले.

घरी येऊन त्यांनी आधी चाळीस रुपये वेगळे काढले. उरलेल्या तीनशे बावीस रुपयांची थप्पी सोपानरावांच्या गल्ल्यावर ठेवली, आणि बाकीचे महिना दहाप्रमाणे कबूल केले. कोर्टात नादारी हा शब्द एकदा ऐकलेला सोपानराव पूर्वीचा राहिला नव्हता; पुढच्या खेपेला पाचशे भरले तर सगळंच बुडेल या धास्तीनं त्यानं निमूटपणे पावती दिली आणि दाव्याचं नाव काढलं नाही. मशीन वाचलं. ज्योतीराम ताठ मानेनं चाळीत आले. नव्या नोटा चार पाकिटांत घालून, धुतलेला सदरा चढवून ते कौशल्याबाईंच्या दारात उभे राहिले.

“मावशी, हे तुमचे पंधरा.”

कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाचं?”

“तुम्हाला माहीत आहे कशाचे.”

“मला न्हाई माहीत. म्या देवाची शपथ घेतलीया कोरटात, तुज्याकडं माजं काय बी न्हाई म्हून. आता पैसं घेतलं तर मी खोटी ठरंन.”

“मावशी, मला लाजवू नका. पाया पडतो.”

छबूबाईंचंही तेच, बिरूचंही तेच. अर्जुनरावांनी तर कोर्टाच्या निकालाचा क्रमांक सांगून दार लावून घेतलं. चाळीस रुपयांची पाकिटं हातात घेऊन ज्योतीराम चौकात उभे होते. हातात पैसे होते आणि घ्यायला कोणी नव्हतं. ते पुन्हा कौशल्याबाईंच्या दारात गेले.

“मग मी काय करू, ते तरी सांगा!” ते ओरडले.

बाईंनी सूप खाली ठेवलं आणि त्या रागातच म्हणाल्या, “काय करू नगंस. सोपान्याचं फेडलंस, सुटलास. आमचं मात्र फिटायचं न्हाई. ऱ्हा आता जल्मभर आमचा देणेकरी.”